टिटवीची चार अंडी आणि वसंताची कुरकुर

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास घडतात. कानामागचा रंग निघत नाही आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे कोणीतरी म्हणतेच. थंडी एक तर पंधरा दिवसांपूर्वीच गेलेली असते, नाही तर पुढचा आठवडाभर पहाटे गोधडी शोधावी लागते. म्हणणाऱ्याला त्याचे काही नसते. पुढचे दोन महिने मग कुरकुरीचे. सकाळी धुके, दुपारी काहिली, संध्याकाळी आभाळ भरून येते, रात्री पांघरूण घ्यावे की पंखा लावावा हे कळत नाही. घरात एकाला सर्दी, दुसऱ्याला उन्हाळी लागलेली. ‘यंदा हवाच काही खरी नाही’ यावर अख्ख्या आळीचे एकमत होते आणि गेल्या वर्षीही ते झाले होते, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि याला म्हणायचे वसंत ऋतू! या वसंताचा नेमका पत्ता तरी कुठे आहे? शाळेत पाठ केलेल्या यादीत चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. वसंतपंचमी मात्र माघात, ऐन शिशिरात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय पंचांगाने वसंत महिनाभर अलीकडे ओढून फाल्गुन-चैत्रात बसवला. भारतीय हवामान विभागाने तर प्रश्नच निकालात काढला आहे. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसाच्या आधीचा काळ, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि उरलेले तीन महिने पावसाळ्यानंतरचे. खात्याच्या दप्तरी वसंताला जागाच नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त तो भेटतो, पण मार्चच्या दुपारी अकोल्याच्या बसस्थानकावर उभ्या माणसाला विचारले, तर तो खात्याच्या बाजूने कौल देईल.

होळी आणि थंडी यांचे लग्न लावणाराने एक गोष्ट बघितली नव्हती. होळी चंद्राच्या तिथीवर चालते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, त्यामुळे सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलले जातात. २०१८ साली होळी १ मार्चला पेटली आणि २०२४ साली २४ मार्चला. तीन आठवड्यांहून मोठा फरक. थंडी जाते सूर्याच्या हिशेबाने, तिला पौर्णिमेशी देणेघेणे नाही. २०२५ची होळी १३ मार्चला होती, पण त्याआधीच, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मुंबई आणि कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता. तो फेब्रुवारी देशात १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला. थंडी होळीची वाट बघत थांबली नाही.

शेतकऱ्याने पेरणीचे काम मात्र तिथीवर सोपवले नाही, ते सूर्यनक्षत्रांवर ठेवले. हे मोठे शहाणपणाचे काम होते. सूर्य साधारण साडेतेरा दिवस एका नक्षत्रात असतो. एप्रिलच्या मध्याला अश्विनी, मग भरणी, कृत्तिका, २५ मेच्या सुमाराला रोहिणी आणि ७-८ जूनला मृग. अधिक महिना येवो न येवो, या तारखा हलत नाहीत. निदान एका आयुष्यात तरी हलत नाहीत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलत असल्यामुळे सुमारे ७२ वर्षांत ही नक्षत्रे एका दिवसाने पुढे सरकतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत तर ती १० तारखेलाच होऊन जाते, म्हणजे त्यांचा मृगही चार दिवस आधी निघतो. ढगांना कोणते पंचांग मान्य आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त पावसाचे नियम सांगितले, तेव्हापासून आजपर्यंत हा सरकलेला हिशेब तीन आठवड्यांच्या घरात जातो. त्याचा मेघगर्भाचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात ढग गर्भ धरतात आणि १९५ दिवसांनी प्रसवतात. सिद्धांत आजच्या विज्ञानाला पटणारा नाही, पण त्यातली अट बघण्यासारखी आहे. ज्याला पावसाचे सांगायचे आहे त्याने मार्गशीर्षापासून रोज आभाळाकडे लक्ष ठेवले पाहिजे, वारा, ढगांचा रंग, विजा, सूर्याभोवतीचे खळे सगळे टिपले पाहिजे. पुढच्या पिढ्यांनी १९५ हा आकडा जपून ठेवला, रोज बघण्याची अट तेवढी सोडून दिली.

शहरातल्या माणसाची कुरकुर घामापाशी संपते. खेड्यात याच दिवसांत वर्षाचा जमाखर्च लागत असतो. नाशिककडे द्राक्षाची काढणी चालू असते आणि एका सरीने मणी तडकतात. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेला माल ढगाळ हवेने काळवंडतो. वसमत भागात उकडलेली हळद उघड्यावर वाळत पडलेली असते. उन्हाळ कांदा शेतात उपटून ठेवलेला असतो. गडचिरोलीत पहाटे पहाटे मोहफुले वेचली जातात आणि भिजलेल्या फुलाला भाव नसतो. या सगळ्यांना ‘आज जरा छान ढगाळ वातावरण आहे’ म्हणणाऱ्या माणसाचा राग येणे साहजिक आहे.

कोकणातली तऱ्हा आणखी वेगळी. हापूसच्या कलमाला मोहोर यायला डिसेंबरची थंडी लागते. फळ वाटाण्याएवढे, मग गोटीएवढे झाले की तीच थंडी गेलेली बरी. ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत रेंगाळली तर फळ धरलेल्या डहाळीवरच पुन्हा मोहोर फुटतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधी धरलेले फळ गळू लागते. बागायतदार सकाळी कलमाखाली जातो तेव्हा पाचोळ्यात हिरव्या गोट्यांचा सडा पडलेला असतो, देठाशी पिवळ्या झालेल्या. मान वर करावी तर झाड ताज्या मोहोराने नटलेले. मुंबईहून आलेला पाहुणा ‘काय बहर आलाय!’ म्हणत फोटो काढतो आणि मालक गप्प राहतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर जिबरेलिक ॲसिडच्या फवारणीचा उपाय सांगितला आहे. म्हणजे थंडी पळाली म्हणून शहर हळहळते त्याच आठवड्यात रत्नागिरीत कोणीतरी ती पळत का नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेले असते.

गारांचे तर विचारूच नये. दुपारच्या उन्हाने तापलेली हवा वर चढते, बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो आणि त्याच वेळी भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी झंझावाताची थंड हवा वरच्या थरात पोचलेली असते. हे तिन्ही जमले की गारपीट. २०१४च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राने जे सोसले ते असेच. काढणीला आलेला गहू आडवा, हरभरा मातीत, पक्षी झाडांखाली मेलेले.

इतके टांगणीला लागलेले असताना माणूस पुढचे कळावे म्हणून धडपडणारच. याच दिवसांत भाकितांचे पेव फुटते, त्याचे कारण हे. होळीचा धूर कोणत्या दिशेला गेला ते पाहतात. पाडव्याला कडुनिंबाचा पाला खाऊन झाला की पंचांगातले वर्षफल वाचले जाते आणि यंदा किती आढक (जुने माप) पाऊस ते ऐकले जाते. मग पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो. कावळ्याने घरटे आंब्या-करंजावर केले की बाभळीवर, याची चर्चा होते. आंब्या-करंजावर केले तर पाऊस चांगला, काटेरी बाभळीवर केले तर ओढ. रानावनात उभे आयुष्य काढलेल्या मारुती चितमपल्लींनी असे कितीतरी संकेत आदिवासींकडून ऐकून मराठी वाचकांपर्यंत पोचवले. अलीकडे भर पडली आहे ती बहाव्याची. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असा मजकूर दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर पिवळ्याधमक फोटोसह फिरतो.

या सगळ्याला एका फटक्यात अंधश्रद्धा म्हणणारे घाई करतात आणि ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणणारे त्याहून जास्त घाई करतात. आडाख्यांची आधी पाखडणी करायला हवी.

टिटवी घ्या. उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध ती अंडी घालते. चार अंडी दिसली तर पावसाचे चारही महिने चांगले, तीन दिसली तर एक महिना कोरडा, असा आडाखा आहे. आता टिटवीची वीण बहुतेक वेळा चारच अंड्यांची असते, कधी तीन. म्हणजे हा आडाखा वर्षानुवर्षे ‘पाऊस चांगला’ असेच सांगत आला आणि बहुतेक वर्षी बरा पाऊस झाला, की टिटवीला श्रेय. दुष्काळाच्या वर्षी त्याच माळावर किती अंडी होती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बहाव्याचेही तसेच. तो एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत फुलतो, त्यात पंचेचाळीस दिवस मिळवले की जून येतो. दुसरा कोणता महिना येणार?

पण टिटवीबद्दल दुसरा एक आडाखा आहे. अंडी नदीपात्रात, सखल जागी घातली तर पाऊस कमी आणि उंच बांधावर घातली तर पूर. हे खरे की खोटे ते तपासता येते, कारण जागा दरवर्षी वेगळी असू शकते. कावळ्याच्या झाडाचेही तपासता येईल. निकाल ‘यात काही नाही’ असा लागेल, हीच शक्यता जास्त. तरी प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पंचांगातल्या नक्षत्रवाहनाला मात्र ही सवलत देता येत नाही. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कितव्या नक्षत्रात आहे ते मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, कोल्हा-मेंढा आले की ओढ. यात कोणी आभाळाकडे पाहिलेले नाही, ढग मोजलेला नाही, वारा हुंगलेला नाही. शंभर वर्षांनंतरची वाहने आजच काढून ठेवता येतील. आणि तो एकच बेडूक चंद्रपूरलाही चालायचा आणि वेंगुर्ल्यालाही! पावशा निदान त्या त्या गावातल्या झाडावर बसून ओरडतो.

भेंडवळची घटमांडणी या दोन्हींच्या मधली. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात. कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात, त्यात अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, करडी वगैरे. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजे, आणि राजाची म्हणून पानसुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. सूर्योदयापूर्वी वाघ घराण्यातले पुरुष घटाची पाहणी करतात आणि कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, यावरून पीकपाणी सांगतात. लांबलांबून आलेले शेतकरी दाटीवाटीने उभे असतात आणि प्रत्येकाचा जीव आपापल्या धान्याशी. भाव वाढेल की पडेल, हेही तिथेच कळते म्हणतात. ही प्रथा तीन शतकांहून जुनी मानली जाते. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तिला वेळोवेळी आव्हान दिले आहे.

घागर पाझरते ती मातीच्या भाजणीप्रमाणे आणि दाणा हलतो तो वाऱ्याने, मुंगीने, उंदराने. त्यावरून सप्टेंबरचा पाऊस कळणार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मात्र पेरणीला महिना उरला असताना हजारो शेतकऱ्यांना एका जागी आणून कपाशी की सोयाबीन याचा विचार करायला लावणारी दुसरी कोणती सभा विदर्भात भरते? कृषी विभागाचे मेळावे होतात, पण तिथे भाषणे जास्त आणि धान्य कमी असते.

विज्ञानाच्या घरीही आडाखे होतेच. हवामान विभाग १८७५ साली सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला अंदाज दिला, तो हिमालयातल्या बर्फावरून. बर्फ जास्त तर पाऊस कमी. ऐकायला हे कावळ्याच्या घरट्यापेक्षा फार वेगळे नाही. पुढे १९२८ साली विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९८८ साली वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे प्रारूप आले. त्यात बर्फ होते, एल निनो होता, वारे होते, तापमान होते. चौदा वर्षे ते बरे चालले. २००२ साली अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि जुलै कोरडा गेला. हंगामाअखेर देशात १९ टक्के तूट. पुढच्याच वर्षी सोळा घटकांचे प्रारूप बाजूला झाले आणि नवे आले. त्यानंतर तेही बदलले.

फरक इथे आहे. गोवारीकरांचे प्रारूप चुकले तेव्हा त्याची चूक टक्क्यांत सांगता आली, म्हणून ते टाकून देता आले. भेंडवळच्या घटाचा कोणता नियम कोणत्या साली चुकला म्हणून बदलला? म्हशीच्या वाहनावर कोरड्या गेलेल्या नक्षत्रांची यादी कोणत्या पंचांगकर्त्याने छापली? बरोबर आलेले भाकीत दहा वर्षे सांगितले जाते आणि चुकलेले त्याच दिवाळीत विसरले जाते.

हवामान खात्यालाही हे ऐकवायला हवे. एप्रिलच्या मध्याला ‘देशात सरासरीच्या अमुक टक्के पाऊस’ अशी घोषणा होते आणि शेतकरी हसतो. त्याचे हसणे रास्त आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. देशाच्या सरासरीने माणच्या बाजरीवाल्याला काय करायचे? देशपातळीवरचा अंदाज किती बरोबर आला हे खाते जाहीर करते. शेतकऱ्याच्या तालुक्याला दिलेले इशारे किती खरे ठरले, हे त्याला सोप्या मराठीत कोणी सांगत नाही. मग तो मोबाइलवर ठणकावून तारखा सांगणाऱ्याकडे वळतो, कारण तो निदान गावाचे नाव घेतो.

२०२५ने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत, म्हणजे रोहिणी लागताच. १९५० पासूनच्या नोंदींत तो मुंबईला इतक्या लवकर कधी आला नव्हता. रान ओले झाले, पाभरी बाहेर निघाल्या. कृषी विभाग घसा कोरडा करून सांगत होता की घाई नको, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मग पाऊस अडला आणि राज्याच्या बऱ्याच भागात मृगाचा पहिला आठवडा कोरडा गेला. नक्षत्र पाहून मृगापर्यंत थांबलेल्याला लगेच ओल मिळाली नाही, पण निदान बियाणे पोत्यात राहिले. रोहिणीतच पेरून बसलेल्यांत अनेकांच्या मानेवर दुबार पेरणीची टांगती तलवार आली. यातून मृग जिंकला असे म्हणणाराने २०२३ही सांगावे, ज्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा होता आणि त्याला कोणत्याच वाहनाने ओढले नाही.

तपासणीची साधने आता हाताशी आहेत. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत आणि फळपीक विम्याचे दावे त्यांच्या आकड्यांवर ठरतात. झाडे कधी फुलली, पाने कधी गळाली याच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातल्या शाळांतली मुले करतात, त्यात बहावाही आहे. मंडळातल्या जिल्हा परिषद शाळेने एक वही घातली तर पुरे. पावशाची पहिली हाक कधी, बहाव्याचा पहिला घोस कधी, कावळ्याचे घरटे कोणत्या झाडावर, टिटवीची अंडी किती आणि कुठे, आंब्याला मोहोर केव्हा. समोरच्या पानावर केंद्राचा पाऊस. नक्षत्रवाहनालाही एक रकाना द्यावा, पंचांगवाल्यांची तक्रार नको. आणि त्याच्याच शेजारी खात्याचा अंदाज, म्हणजे दोघांनाही एकाच मापाने मोजता येईल.

पहिली चार-पाच वर्षे यातून काही सिद्ध होणार नाही, एवढ्या थोड्या नोंदींवर काही सिद्ध करणारा माणूस पुन्हा भाकितेच करू लागेल. दहा-पंधरा वर्षांनी कदाचित एखादा आडाखा एखाद्या मंडळापुरता टिकलेला दिसेल, बाकीचे गळतील. बहावा आता आधी फुलतो का, मोहोर उशिरा येतो का, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्याआधीच मिळू लागतील, आणि दापोलीच्या विद्यापीठाला व विमा कंपन्यांना त्यांची गरज आजच आहे. वही घालायला चैत्रच बरा. म्हणजे पावशाची हाक आणि बहाव्याचा घोस यंदाच्या तारखेसह पकडता येतील, कावळ्याचे घरटे त्यामागून येईल.